काय, किती, किती वाजता?

२०२४ साली ४ ऑगस्टला, रविवारी, दिव्यांची आवस होती. मी ओट्यापाशी समया, निरांजनं चिंचेने घासत बसले होते. कणकेच्या गोड दिव्यांसाठी गूळ विरघळत ठेवला होता. सोहम (नाव बदललंय) दुपारीच मित्रांबरोबर गेला होता, नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या बाजूला कुणाच्या तरी शेतातल्या घरी. "आई, मटण आहे, श्रावण लागायच्या आधीचं." गटारी हा शब्द त्याने वापरला नाही, मीही विचारलं नाही. वय सोळा, अकरावीचे वर्ग नुकतेच सुरू झालेले.

पावणेआठला फोन आला. त्याचा नव्हता, त्याच्या वर्गातल्या मित्राचा होता. "काकू, सोहम उठत नाहीये."

पुढचं सगळं वर्षभराचं आहे. त्यातला बराचसा भाग कागद, रांगा आणि वाट बघण्यात गेला. तेव्हा मी रात्री-अपरात्री मोबाइलवर शोधत बसायचे, की असं कुणाच्या घरात घडलंय का, मग पुढे काय करायचं असतं. सापडायचे ते सगळे उपदेशच. म्हणून हे लिहिते आहे. सोहमने वाचलंय, दोन वाक्यं खोडायला लावली आहेत, बाकीला हो म्हणालाय.

नवरा गाडी काढेपर्यंत मी १०८ लावला. तिकडच्या बाईंनी पहिलं विचारलं, श्वास चालू आहे का, ओठ-नखं निळी पडलीत का. मग म्हणाल्या, उताणा असेल तर आधी कुशीवर करा, उलटी श्वासनलिकेत जाते. मी दुसऱ्या फोनवरून त्या मुलाला तसं सांगितलं. तो उताणाच होता. त्याआधी पोरांनी त्याच्यावर बादलीभर पाणी ओतलं होतं, लिंबू पिळलं होतं, ताक पाजायचा प्रयत्न केला होता. हे सगळं दोन तास चाललं होतं, कारण घरी कळवायचं कुणी यावर त्यांचं एकमत होत नव्हतं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, की यातल्या कशानेच दारू उतरत नाही. यकृत आपल्या गतीनेच काम करतं, साधारण एका छोट्या पेगला एक तास. गार पाण्याने उलट धोका वाढतो, कारण आधीच अंग थंड पडत असतं. आणि शुद्ध नसलेल्याच्या तोंडात ताक घालणं म्हणजे गुदमरवण्याची सोयच.

अॅम्ब्युलन्स आमच्याआधी पोचली होती. पोरं रस्त्यावर मोबाइलचे टॉर्च लावून उभी होती म्हणून ती आत वळली. तुमच्यावर अशी वेळ आलीच तर एवढं लक्षात ठेवा, की शेतातल्या घराचं लोकेशन नकाशावर बरोबर दिसेलच असं नाही, कुणीतरी फाट्यावर थांबायला हवं.

गाडीतल्या डॉक्टरांनी विचारलं, सिव्हिलला घेऊ? आम्ही दोघंही एका सुरात नको म्हणालो. आता ते आठवलं की लाज वाटते. पहिल्या खासगी हॉस्पिटलच्या दारात "मायनर आहे, पोलीस केस होणार, दुसरीकडे न्या" असं उत्तर मिळालं. १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय, की सरकारी असो वा खासगी, तातडीच्या रुग्णावर उपचार आधी, पोलिसांचे सोपस्कार नंतर. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी त्या दारात उभं राहून मी ते म्हणू शकले असते का, कोण जाणे. दुसऱ्या हॉस्पिटलने घेतलं. वीस हजार डिपॉझिट.

आणि तिथे मी खोटं बोलले.

कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय झालं? मी म्हणाले, "बाहेर काहीतरी खाण्यात आलं, दुपारपासून पोट बिघडलंय." शेजारी नवरा मान हलवत होता. बाईंनी सोहमच्या तोंडाजवळ वाकून पाहिलं आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "ताई, मला वास येतोय. काय प्यायला, किती प्यायला, किती वाजता? गोळ्या-बिळ्या घेतल्यात का? मला आत्ता हे कळलं नाही, तर मी डोक्याचा स्कॅन करत बसेन."

खरं म्हणजे मला उत्तर माहीत नव्हतं. ज्याने फोन केला होता तो मित्र आमच्यामागून एका मोटरसायकलवर आला होता आणि दाराबाहेर थरथरत उभा होता. त्याला आत बोलावलं. त्याने सगळं सांगितलं. व्होडका. साडेचारला सुरुवात. सोहमने क्वार्टरपेक्षा जास्त, तीही अर्ध्या-पाऊण तासात, पैजेवर. एनर्जी ड्रिंकमध्ये मिसळून. मटण अजून शिजत होतं, म्हणजे पोट रिकामं. गोळ्या नाहीत, दुसरं काही नाही. तेवढं सांगून तो रडायला लागला. बाई त्याला "शाब्बास" म्हणाल्या आणि आत गेल्या.

साखर ५२ निघाली. हे मला नवीन होतं. दारूने रक्तातली साखर खाली येते, त्यात मूल उपाशी असेल तर आणखीच, आणि बेशुद्धीचं कारण कधी कधी नुसती नशा नसून हेही असतं. ग्लुकोज लावलं, ऑक्सिजन लावला, पांघरुणं घातली, रक्त तपासायला गेलं. नवऱ्याने विचारलं, "पोट धुऊन काढत नाही का?" तर म्हणाल्या, दारू पोटात थांबत नाही, ती केव्हाच रक्तात गेली आहे, आणि बेशुद्ध माणसाचं पोट धुताना पाणी फुप्फुसात जायची भीती जास्त. एनर्जी ड्रिंकबद्दलही त्यांनीच सांगितलं, की त्यातल्या कॅफिनने नशा कमी होत नाही, फक्त चढल्याचं कळत नाही, म्हणून पोरं पीत राहतात.

पहाटे चारच्या सुमाराला त्याने डोळे उघडले आणि "पाणी" म्हणाला. मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. घरी सासूबाईंनी दिवे लावून पूजा केली होती. गूळ तसाच पातेल्यात घट्ट झालेला होता.

सोमवारी सकाळी हॉस्पिटलने एमएलसी नोंदवल्याचं सांगितलं. मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवणं. मला वाटलं, पोरावर गुन्हाच लागला. तसं नसतं. विषबाधा, अपघात, संशयास्पद बेशुद्धी यांची नोंद करणं हे हॉस्पिटलचं काम आहे. एमएलसी नंबरचा फोटो काढून ठेवा, पुढे दर ठिकाणी मागतात.

दुपारी पोलीस आले. साध्या कपड्यातले एक जमादार होते, अठराच्या आतल्या मुलाशी बोलताना गणवेश नको असा नियम आहे. मला शेजारी बसू दिलं. त्यांचेही प्रश्न तेच, काय, किती, किती वाजता. फक्त एक वाढलेला, आणली कुणी?

आणली होती एका मित्राच्या मोठ्या भावाने, वय बावीस. महाराष्ट्रात बिअरला एकवीस, पण व्होडका-व्हिस्कीला पंचवीस वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे ती त्याची त्यालासुद्धा मिळायला नको होती. आणि मुलाला दारू देणं हा बाल न्याय कायद्याच्या, २०१५ च्या, ७७ व्या कलमाखाली गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. मे महिन्यातच पुण्यात कल्याणीनगरला तो सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शेचा अपघात झाला होता, दोन जीव गेले होते, आणि जामिनाची अट म्हणून सांगितलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधावर आम्ही सगळे सोसायटीच्या गेटवर तावातावाने बोललो होतो. आईबापांना आत टाका, असं मीच म्हणाले होते. आता माझ्यासमोर कोरा कागद होता आणि जबाब माझा होता.

त्या भावाचे वडील सोमवारी रात्री घरी आले, हात जोडले. नवऱ्याचा जीव खालीवर. मी नाव सांगितलं. तो विषय अजून पुरता संपलेला नाही, म्हणून त्याबद्दल याहून जास्त लिहीत नाही. त्या घराशी आमचा बोलण्याचा संबंध उरला नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं, एवढंच.

त्या दुपारी जाता जाता जमादारांनी नवऱ्याला विचारलं, "साहेब, तुम्ही घेता का? परमिट आहे?" नव्हतं. वीस वर्षं अधूनमधून घेणाऱ्या या माणसाने कधी परमिट काढलं नव्हतं. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार ते लागतं, एका दिवसाचं विदेशी मद्याचं पाच रुपयांना मिळतं. ते काही बोलले नाहीत, हसले फक्त. पण ते हसणं आमच्या घरात बरेच दिवस राहिलं.

मंगळवारी, ६ तारखेला डिस्चार्ज. बिल ३४,६०० रुपये. कॅशलेस नाकारलं गेलं. एका नातेवाइकाने सुचवलं, "डॉक्टरांना सांगून फूड पॉयझनिंग लिहून घ्या, सगळे करतात." दोन दिवसांत दुसऱ्यांदा तेच खोटं माझ्यासमोर येऊन उभं होतं, या वेळी पैशासकट. डॉक्टरीणबाईंना विचारायचं धाडस आम्हाला झालं नाही, आणि बरंच झालं. नंतर रीतसर कागद पाठवले, तीन आठवड्यांनी नकाराचं पत्र आलं. आरोग्यविम्याच्या पॉलिसीत दारू आणि व्यसनांशी संबंधित उपचार वगळल्याचं एक ठरलेलं कलम असतं, 'एक्सक्लुजन १२'. तुमच्या पॉलिसीतही बहुतेक असेलच. तेव्हा त्यावर विसंबू नका, पण डिस्चार्ज कार्डावर खरं निदान लिहून घ्या. पुढच्या डॉक्टरांना विमा कंपनीपेक्षा त्या कागदाची गरज जास्त असते.

आठवडाभर घरात सगळे मांजराच्या पावलांनी चालत होते. सोहम खोलीतून बाहेर यायचा नाही. सासूबाई म्हणायच्या, दृष्ट लागली. दीर म्हणाले, पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन टाका. गोव्याचा चुलत दीर फोनवर म्हणाला, एवढं काय, आमच्याकडे अठराला चालतं. त्याला म्हटलं, हा सोळाचा आहे, तुमच्याकडेही नाही चालत.

खासगी मानसोपचारतज्ज्ञांकडे बारा दिवसांनंतरची वेळ मिळत होती. मग ज्या सिव्हिलला नको म्हणालो होतो, तिथेच १२ ऑगस्टला सकाळी नऊला जाऊन उभे राहिलो. आदल्या वर्षीच्या १५ ऑगस्टपासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून सगळं मोफत झालंय. मनोविकार विभागात नंबर लागला दीड वाजता. डबा आणि पाणी घेऊन जा. ओळखीचं कुणी भेटेल म्हणून मी ओढणी कपाळापर्यंत घेतली होती. भेटलीच, आमच्या पतसंस्थेतली खातेदार, तिच्या मुलीला घेऊन आलेली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि सरकून जागा केली.

डॉक्टरांनी आधी आम्हाला बाहेर पाठवलं. "आई-बाबा, वीस मिनिटं." मला राग आला. पण आत काय विचारलं ते सोहमने नंतर सांगितलं. मुलांसाठीची सहा प्रश्नांची एक यादी असते. पिऊन गाडी चालवणाऱ्याच्या मागे कधी बसलास का, किंवा स्वतः चालवलीस का? ताण घालवायला किंवा मित्रांत मिसळायला पितोस का? एकट्याने? नशेत केलेलं विसरलास का? घरचे किंवा मित्र म्हणाले का कमी कर? त्यापायी कुठे अडचणीत आलास का? दोन किंवा जास्त 'हो' आले, की नीट खोलात जायचं. त्याचे चार आले होते.

मग आम्हाला आत घेतलं, आणि त्याच्या परवानगीने डॉक्टरांनी सांगितलं, की हे पहिल्यांदा नव्हतं, सातव्यांदा होतं. दहावीची परीक्षा संपल्यापासून. त्यातलं एकदा आमच्याच घरी.

नवरा खाली बघत होता. त्याला माहीत होतं. जूनमध्ये कपाटातली बाटली त्याला पातळ लागली होती. पाणी घालून पातळी सारखी केलेली. त्याने मला सांगितलं नव्हतं, सोहमलाही विचारलं नव्हतं. आणि त्याच्याही आधी, सोहम चौदाचा असताना, ३१ डिसेंबरला गच्चीवर नवऱ्यानेच बिअरचा ग्लास पुढे केला होता, "घे एक घोट, बाहेर शिकण्यापेक्षा घरात शिकलेला बरा." मी तिथेच होते. हसले होते. हा सिद्धान्त आपल्याकडे बऱ्याच घरांत आहे. डॉक्टर म्हणाले, ऑस्ट्रेलियात जवळपास एकोणीसशे मुलांचा सहा वर्षं पाठपुरावा केला, २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि घरून दारू मिळाल्याने मुलं सांभाळून प्यायला शिकतात असा काही फायदा दिसला नाही. उलट अशा मुलांना पुढे बाहेरूनही मिळवायची सवय लागण्याचं प्रमाण जास्त. या वयात मेंदूचा पुढचा भाग, थांब म्हणणारा, अजून घडत असतो, पंचविशीपर्यंत. आणि पंधराच्या आधी सुरुवात केलेल्यांत पुढे व्यसन जडण्याचा धोका कितीतरी जास्त असतो. "त्याला दोष द्यायचा तर रांगेत उभे राहा," असं काहीतरी मीच नवऱ्याला परतताना रिक्षात म्हणाले. फार वाईट बोलले.

दाखल करायचं का, हे मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, गरज नाही. हात थरथरणं, सकाळी उठून लागणं, असं अवलंबित्व नाही. आणि अठराच्या आतल्याला दाखल करणं ही धमकी द्यायची गोष्ट नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे दोन तज्ज्ञांनी आदल्या सात दिवसांत स्वतंत्रपणे तपासावं लागतं, मोठ्यांपासून वेगळं ठेवावं लागतं, पालकांनी किंवा त्यांनी नेमलेल्या कुणीतरी बरोबर राहावं लागतं आणि ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवावं लागतं. पोरांना तिथे "टाकता" येत नाही. दिरांना फोन करून हे वाचून दाखवलं.

डॉक्टरांनी सुचवलेल्या समुपदेशक बाईंकडे २४ ऑगस्टपासून दर शनिवारी जायचं ठरलं. एका बैठकीचे हजार रुपये. आठ आठवडे दर शनिवारी, मग पंधरवड्याने, मग दीड-दोन महिन्यांनी. एकूण चौदा बैठका, त्यातल्या चार आमच्या दोघांच्या. पहिल्या तीन बैठकांत तो एक शब्द बोलला नाही, बाईंशी कॅरम खेळून यायचा. मी हिशेब करायचे, तीन हजारांचा कॅरम. चौथ्या बैठकीनंतर घरी येऊन त्याने स्वतःच सांगितलं, की अकरावीत नवीन वर्गात त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं आणि पैज जिंकल्यावर सगळ्यांनी नाव घेऊन टाळ्या वाजवल्या होत्या.

घरी काय बदललं? कपाट रिकामं केलं. नवऱ्याने स्वतः बाटल्या मोरीत ओतल्या. मी सांगितलं नव्हतं. बाहेरही घेणार नाही असं तो म्हणाला नाही, सोहम अठराचा होईपर्यंत घरात नाही, एवढंच म्हणाला, आणि मला ते जास्त खरं वाटलं. खर्चाच्या पैशांचं बोललो. सोहमच्या यूपीआयमध्ये दोनशे, तीनशेच्या नोंदी होत्या, शेरा 'कॉन्ट्री', म्हणजे वर्गणी. मी त्या आधीही पाहिल्या होत्या, पिझ्झाच्या असतील असं समजून. कॉलेजला हजेरीसाठी वैद्यकीय दाखला लागला. त्यावर निदान लिहिण्याची गरज नसते, 'उपचार सुरू आहेत' एवढं पुरतं.

आणि एक करार लिहून फ्रिजला लावला, बाईंच्या सांगण्यावरून. रात्री कितीही वाजता, कुठूनही फोन केला तर आम्ही न्यायला येऊ. त्या रात्री एकही प्रश्न विचारणार नाही. विचारायचं ते दुसऱ्या दिवशी. नवऱ्याला हे म्हणजे पिण्याचा परवाना वाटला. माझंही मन द्विधा होतं.

१९ मार्चला, रंगपंचमीला, सोहम जुन्या नाशकात रहाडीवर, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदावर, गेला. संध्याकाळी सहाला फोन. "आई, न्यायला ये. दोन बिअर झाल्यात. जो गाडी चालवणार आहे त्याच्याही झाल्यात. मी बसलो नाही." रविवार कारंज्यापाशी तो पिवळ्या रंगात नखशिखान्त भिजून उभा होता. गाडीत मी खरंच काही बोलले नाही. ओठ चावून रक्त आलं. घरी येऊन तो झोपला, आणि मी बाथरूमचा नळ सोडून रडले, सात महिने वाया गेले म्हणून. सोमवारी बाईंना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, दोन बिअर ही घसरण आहे, पण सहा प्रश्नांतला पहिला प्रश्न आठवा, त्याचं उत्तर त्याने बदललंय.

शेवटची बैठक १४ जूनला झाली. फाइल बंद केली नाही, 'गरज वाटल्यास' असं लिहिलंय. एकूण खर्च हॉस्पिटल धरून पन्नास हजारांच्या आत. ज्यांना एवढंही जमणार नाही, किंवा रात्री दोनला कुणाशी तरी बोलायचंय, त्यांच्यासाठी १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर आहे, मराठीत बोलतात. मी दोनदा लावलाय, दोन्ही वेळा माझ्यासाठी.

२०२५ मध्ये दिव्यांची आवस २४ जुलैला होती, गुरुवारी. मी समया घासत बसले होते तेव्हा सोहम ओट्याशी येऊन म्हणाला, "आई, त्याला बोलावू का जेवायला?" त्याला म्हणजे, ज्याने फोन केला होता त्याला. त्या रात्रीनंतर त्याच्या वडिलांनी त्याला मारलं होतं, आमच्याकडे यायला बंदी केली होती, आणि मित्रांनी फितूर म्हणून गटातून काढलं होतं. वर्षभर तो मला फक्त लांबून दिसला होता. मीच त्याच्या आईला फोन केला. त्या जरा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, साडेनऊपर्यंत परत पाठवा.

संध्याकाळी दोघांना पाटावर बसवून ओवाळलं. पोरगा इतका ताठ बसला होता, की औक्षण नव्हे, जणू पुन्हा जबाबच द्यायचाय. मग वाफाळते कणकेचे दिवे वाढले. तिसऱ्या दिव्यानंतर त्याने ताट पुढे केलं आणि पहिल्यांदा वर बघून म्हणाला, "काकू, तूप अजून आहे का?"